तांबी व गर्भाशयाचे अस्तर

तांबी म्हणजेच कॉपर-टी हे गर्भनिरोधक साधन गर्भाशयात अनेक वर्षे राहिले की आतल्या अस्तरात काही बदल होतात. ते बहुतांशी स्थानिक असून तांबी काढल्यावर भरून येतात. कुटुंबनियोजन कार्यक्रमात १९६५ मध्ये गर्भाशयात बसवायचा प्लॅस्टिकचा लिप्स लूप आला. आज सरकारी दवाखान्यांत १० वर्षे चालणारी कॉपर-टी ३८०-ए आणि ५ वर्षे चालणारी कॉपर ३७५ मोफत बसवतात.

तांब्याचे आयन (विद्युतभारित सूक्ष्म कण) सतत झिरपत राहतात आणि शरीरही या परक्या वस्तूभोवती पांढऱ्या पेशी गोळा करते. जंतुसंसर्गाशिवायचा हा सौम्य दाह शुक्राणूंना निष्प्रभ करतो, म्हणजे अस्तरातील बदल हाच गर्भनिरोधनाचा मोठा आधार आहे. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास तांबी जिथे टेकते तिथला पृष्ठभाग झिजलेला आणि खालच्या थरात दाहपेशी साठलेल्या दिसतात, तर थोड्या अंतरावरचे अस्तर पाळीच्या चक्राप्रमाणे वाढत व गळत असते. अंडाशयाचे काम मात्र अबाधित राहते.

अस्तरात प्रोस्टाग्लँडिन (दाह व कळा वाढवणारे रसायन) वाढल्यामुळे पाळीत जास्त जाते व पोटात दुखते. हा त्रास पहिल्या तीन ते सहा महिन्यांत अधिक असतो. सोलापुरात दिवसभर विड्या वळणाऱ्या किंवा कारखान्यात राबणाऱ्या बाईच्या अंगात आधीच रक्त कमी असेल, तर ही बाब किरकोळ मानता येत नाही. तांबी बसवण्यापूर्वी आणि नंतरही हिमोग्लोबिन तपासायला हवे.

लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे संप्रेरक (हार्मोन) सोडणाऱ्या, गर्भाशयातच बसवायच्या साधनाचा परिणाम याच्या उलट असतो. ग्रंथी आक्रसतात, अस्तर पातळ होते आणि पाळी कमी येते किंवा थांबते. अशा वेळी ‘घाण आत साचते’ ही भीती निराधार आहे, कारण गळायला अस्तरच वाढलेले नसते.

तांबीने पिशवीचा कॅन्सर होतो, हा समजही चुकीचा आहे. निरीक्षणात्मक अभ्यासांत वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्तराच्या कर्करोगाचे प्रमाण उलट कमी आढळले आहे. खरी काळजी मुदत उलटूनही आत राहिलेल्या तांबीची. ती भिंतीत रुतू शकते, तिचा दोरा वर सरकतो व सोनोग्राफी करावी लागते. क्वचित ॲक्टिनोमायसिस जंतूही वाढतात.

तांबी काढल्यावर दाह ओसरतो आणि लगेच दिवस राहू शकतात. पन्नाशीनंतर पाळी जाऊन वर्ष झाले की ती काढतात. त्यानंतर रक्तस्राव झाल्यास त्याचा दोष तांबीला न देता अस्तराची तपासणी करावी लागते.