क्वार्टरबॅकची घडण

क्वार्टरबॅकची घडण : अमेरिकन फुटबॉलमध्ये महाविद्यालयातून व्यावसायिक संघात आलेल्या तरुण क्वार्टरबॅकला सामन्याचा भार पेलण्यासाठी तयार करण्याची प्रक्रिया. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल या खेळाडूच्या हातून सुरू होते. चेंडू हाती आल्यावर अडीच-तीन सेकंदांत त्याला बचावाची मांडणी ओळखायची असते, मोकळा साथीदार हेरायचा असतो आणि धिप्पाड बचावपटू अंगावर येत असतानाही नेमका पास द्यायचा असतो. पहिल्याच वर्षी हे जमणारे विरळा. पेटन मॅनिंगसारख्या थोर खेळाडूनेही १९९८ च्या पदार्पणाच्या हंगामात २८ पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती दिले होते.

प्रशिक्षकामुळे किती फरक पडतो, हे जॅरेड गॉफच्या कारकिर्दीत स्पष्ट दिसते. २०१६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडू पाळीपाळीने निवडतात त्या प्रक्रियेत, लॉस एंजेलिस रॅम्स या संघाने त्याला सर्वांत आधी निवडले. त्या हंगामात तो सुरुवातीपासून खेळलेले सातही सामने संघ हरला. २६ वेळा तो चेंडूसह आडवा झाला. त्यावरून त्याला ‘फसलेली निवड’ म्हटले गेले; पण अवघ्या सात सामन्यांवरून तसे ठरवणे अन्यायाचेच होते. हंगाम संपण्याआधीच मुख्य प्रशिक्षक जेफ फिशर यांना काढण्यात आले आणि जानेवारी २०१७ मध्ये ३० वर्षांचे शॉन मॅकव्हे आले.

क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. चाल सुरू करण्यासाठीच्या घड्याळात १५ सेकंद उरले की प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. मॅकव्हे खेळाडूंना लवकर रांगेत उभे करत. त्यामुळे समोरची मांडणी पाहून आवाज बंद होण्याआधी गॉफशी बोलता येई. क्वार्टरबॅकवर येणाऱ्या बचावपटूंना अडवणारा अनुभवी खेळाडू अँड्र्यू व्हिटवर्थ गॉफच्या संरक्षणाला आला, हेही तितकेच महत्त्वाचे. २०१६ मध्ये २२४ गुण करून नॅशनल फुटबॉल लीग या व्यावसायिक स्पर्धेत तळाला असलेल्या रॅम्सने २०१७ मध्ये सर्वाधिक ४७८ गुण केले. गॉफचे २८ टचडाउन पास (प्रतिस्पर्ध्याच्या अंतिम क्षेत्रात चेंडू पोहोचवून गुण मिळवून देणारे पास) झाले आणि केवळ सात पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले.

या आधाराला मर्यादाही होती. फेब्रुवारी २०१९ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पेट्रियट्सच्या बचावापुढे रॅम्सला तीनच गुण करता आले. पुढे प्रशिक्षक-खेळाडूंमधला विश्वास आटत गेला आणि २०२१ मध्ये मॅथ्यू स्टॅफर्डच्या बदल्यात गॉफला डेट्रॉइट लायन्सकडे पाठवण्यात आले.

तिथे त्याचा दुसरा जन्म झाला म्हणावे लागेल. मुख्य प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी पहिल्या हंगामात तीनच विजय मिळूनही त्याला दूर केले नाही. आक्रमणाचे प्रशिक्षक बेन जॉन्सन यांनी त्याच्या बलस्थानांभोवती चाली रचल्या. १४ जानेवारी २०२४ रोजी प्लेऑफमध्ये (साखळी सामन्यांनंतरच्या बाद फेरीत) समोर मॅकव्हे यांचेच रॅम्स होते. गॉफचे २७ पैकी २२ पास पोहोचले. लायन्सने २४-२३ असा सामना जिंकला. तब्बल ३२ वर्षांनी त्यांना प्लेऑफमध्ये विजय मिळाला आणि प्रेक्षागृह गॉफच्या नावाने दुमदुमले.