प्लंबर्स (व्हाइट हाउसचं गुप्त पथक)

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांच्या काळात, जुलै १९७१ पासून साधारण वर्षअखेरपर्यंत चाललेलं छोटं गुप्त पथक. कागदोपत्री नाव स्पेशल इन्व्हेस्टिगेशन्स युनिट, काम म्हणजे सरकारी गुपितं बाहेर कोण देतंय ते शोधून काढणं. वॉटरगेट म्हटलं की सगळे थेट १७ जून १९७२ च्या रात्रीवर, म्हणजे वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीतल्या विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयातल्या घरफोडीवर येतात, ती गोष्ट बहुतेकांना माहीतच असते, म्हणून इथे त्याच्या आधीचं जास्त घेतलंय.

नावाचा घोळ आधी. इंग्रजीत बातमीही लीक होते आणि नळही, आपल्याकडे बातमी फुटते आणि नळ गळतो, त्यामुळे ही कोटी मराठीत बसतच नाही. पथकातल्या डेव्हिड यंगने घरी सांगितलं की मी लीक बंद करायच्या कामावर आहे, तर घरातली म्हातारी (बहुतेक ठिकाणी आजी) म्हणाली, आजोबांना बरं वाटलं असतं, तेही प्लंबरच होते. मग शेजारच्या सरकारी इमारतीच्या तळघरात, रूम नंबर १६ च्या दारावर तशी पाटी लागली. किस्सा जरा जास्तच गोंडस आहे पण सहकाऱ्यांनी सांगितलेला आहे, तेव्हा मानायला हरकत नाही. पथकातल्याच गॉर्डन लिडीने मात्र स्वतःच्या आठवणींत ‘ओडेसा’ हे आपण ठेवलेलं नाव पुढे केलंय, ते लिडीखेरीज फारसं कुणी वापरलेलं दिसत नाही.

स्थापनेची तारीख सहसा २४ जुलै १९७१ धरतात, कारण त्या दिवशी निक्सननी व्हाइट हाउसमधल्या एगिल क्रोगला बोलावून काम समजावलं. पण सीआयएतून रिटायर झालेला हॉवर्ड हंट त्याआधीच, जुलैच्या सुरुवातीला निक्सनचा सल्लागार चार्ल्स कोल्सनच्या ओळखीने कन्सल्टंट म्हणून आत आला होता, त्यामुळे एका तारखेपेक्षा ‘जुलै १९७१’ एवढंच म्हणणं बरं. निमित्त होतं पेंटागॉन पेपर्सचं, म्हणजे व्हिएतनाम युद्धाचा गुप्त सरकारी इतिहास, जो डॅनियल एल्सबर्गने फोडला आणि न्यूयॉर्क टाइम्सने १३ जूनपासून छापला. वर निक्सनचा देशांतर्गत कारभाराचा सल्लागार जॉन एर्लिकमन, खाली क्रोग आणि यंग, आणि प्रत्यक्ष उद्योग करायला हंट आणि पूर्वी एफबीआयमध्ये असलेला लिडी.

पहिली मोठी कामगिरी ३ सप्टेंबर १९७१ ची. बेव्हर्ली हिल्समध्ये एल्सबर्गचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. लुईस फिल्डिंग यांचं ऑफिस फोडायचं आणि एल्सबर्गची बदनामी करता येईल असं काही मिळतंय का बघायचं. एर्लिकमनने ‘माग लागता कामा नये’ अशी अट घालून लेखी होकार दिला होता. हंटला विग, खोटी ओळखपत्रं आणि तंबाखूच्या पाऊचमध्ये बसवलेला कॅमेरा सीआयएनेच पुरवला. टेहळणीच्या वेळी लिडी डॉक्टरांच्या नावाच्या पार्किंगपाशी उभा राहून फोटो काढून घेतो, तो रोल सीआयएकडेच डेव्हलप होतो आणि प्रती तिथेच राहतात, आता याला गुप्त कारवाई म्हणायचं का! आत शिरले मायामीचे तीन क्युबन, बर्नार्ड बार्कर, युजेनियो मार्टिनेझ आणि फेलिपे डी डिएगो, निघताना गोळ्या जमिनीवर फेकल्या म्हणजे नशेबाजाची चोरी वाटावी. फाइल मिळाली का, यावर दोन मतं. घुसणारे म्हणाले मिळाली नाही, डॉक्टर म्हणाले एल्सबर्गचे कागद जमिनीवर पडलेले होते आणि कुणीतरी चाळल्यासारखे दिसत होते. डॉक्टरांचं म्हणणं जास्त पटतं, कारण त्यांना खोटं बोलून काही मिळणार नव्हतं.

भारताशी संबंध येतो तो डिसेंबर १९७१ च्या युद्धात. अमेरिका वरवर तटस्थ पण आतून पाकिस्तानकडे झुकलेली, हे बैठकांच्या टिपणांसकट स्तंभलेखक जॅक अँडरसनने छापलं (पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं) आणि यंग फुटीच्या शोधाला लागला. संशय आला चार्ल्स रॅडफोर्ड या नौदलातल्या क्लार्कवर, जो पूर्वी दिल्लीच्या वकिलातीत होता. अँडरसनला काही दिल्याचं त्याने नाकारलं, पण निक्सनचे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हेन्री किसिंजर यांच्या ब्रीफकेसमधले कागद आपण लष्करप्रमुखांच्या समितीला पोचवत होतो हे मात्र कबूल केलं, म्हणजे गळती शोधायला गेले आणि सेनाच व्हाइट हाउसवर हेरगिरी करतेय हे सापडलं. प्रकरण दाबून टाकलं.

प्लंबर्सनी वॉटरगेट फोडलं असं सरसकट लिहितात, ते काटेकोरपणे बरोबर नाही. लिडी डिसेंबर १९७१ मध्येच निक्सनच्या फेरनिवडणूक समितीत गेला होता आणि वॉटरगेटची योजना तिथली, पैसेही तिथले. माणसं मात्र बरीचशी तीच, हंट, लिडी, बार्कर, मार्टिनेझ, त्यामुळे वारसा तोच म्हणता येईल. निक्सनना घरफोडी आधीपासून माहीत होती याचा भक्कम पुरावा नाही, नंतरच्या लपवाछपवीचा मात्र २३ जून १९७२ ची टेप, म्हणजे निक्सनच्या ऑफिसातल्या बोलण्याचं रेकॉर्डिंग, हाच पुरावा.

फिल्डिंग प्रकरण बाहेर आल्यावर ११ मे १९७३ ला एल्सबर्गवर पेंटागॉन पेपर्स फोडल्याबद्दल चाललेला खटला रद्द झाला. क्रोगने गुन्हा कबूल केला आणि साडेचार महिने तुरुंगात काढले, एर्लिकमनने दीड वर्ष, लिडी चार वर्षांहून जास्त आत होता, आणि मार्टिनेझला १९८३ मध्ये रेगननी माफी दिली.