स्टँड गाडीचा, चालकाचं काय? : पार्श्वभूमी

कोल्हापूर शहरातल्या पडीक तुकड्यांवर टॅक्सी-रिक्षाचालकांसाठी विसावे उभारण्याची चर्चा आज नवी वाटते. तिची सुरुवात मात्र घोडागाडीच्या काळातल्या लंडनमध्ये झाली. तिथं स्टँडवर गाडी सोडून जायला कायद्यानं मनाई होती. बर्फ पडो की पाऊस, चालक उघड्या बैठकीवर. नाहीतर कुणाला तरी पैसे देऊन गाडीजवळ उभं करायचं आणि दारूचा गुत्ता गाठायचा. 1875 मध्ये एक धर्मादाय निधी स्थापन झाला आणि स्टँडलगत हिरव्या लाकडी खोल्या उभ्या राहू लागल्या. खोली सार्वजनिक रस्त्यावर, म्हणून अट अशी की घोडा आणि गाडी मिळून जेवढी जागा व्यापतात, त्याहून मोठी नको. तेवढ्यात स्वयंपाकघर आणि दहा-बारा जणांची बैठक बसवली. आत दारू-जुगाराला बंदी. 1914 पर्यंत अशा 61 खोल्या झाल्या, आज 13 उरल्यात. गंमत म्हणजे याच शहरात जनावरांसाठी पाण्याचे हौद बांधायचं काम 1867 पासूनच सुरू होतं. चालकाचा नंबर घोड्यानंतर लागला.

कोल्हापुरात 1891 मध्ये रेल्वे आली. स्टेशनबाहेर आधी टांगे, मग रिक्षा, आणि खेड्यांच्या वाटेवर वडाप, म्हणजे प्रवासी भरले की सुटणाऱ्या खासगी गाड्या. मुंबईसारखी मीटरची टॅक्सी इथं रुजली नाही. टॅक्सी म्हणजे अंबाबाईचं दर्शन झालं की जोतिबा, पन्हाळा, नृसिंहवाडी करून आणणारी टुरिस्ट गाडी. जागा ठरवून मिळाली ती गाड्यांना. स्टँडवरचा फलक, देवाचा फोटो, पाण्याचा माठ, बसायचं बाकडं हे बहुतेक चालकांच्या वर्गणीचं. रिक्षा नटवून सौंदर्यस्पर्धेत उतरवणारं हे गाव. पण ती नटवणाऱ्यानं लघवीला कुठं जायचं, हे कुणी विचारत नाही.

कायदा नव्हता असं नाही. मोटार परिवहन कामगार कायदा 1961 चा, 2025 पर्यंत चाललेला. त्यात कामाचे तास होते, रात्रीच्या मुक्कामी विश्रांतिगृहाची तरतूदही होती. मात्र तो लागू व्हायचा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या व्यवसायाला आणि जबाबदारी टाकायचा मालकावर. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्याला मालकच नाही, मग खोली कुणाकडं मागायची? त्यामुळं हा प्रश्न शेवटी शहराच्या जागेवर येऊन ठेपतो.

मोठ्या शहरांत अशी जागा म्हटलं की उड्डाणपुलाखालची पोकळी आठवते. कोल्हापूरचा हिशेब वेगळा, इथं जुने जकात आणि टोल नाके आहेत. 2011 मध्ये जकात गेली; टोलविरोधी आंदोलनानंतर 2015 च्या अखेरीस टोलही रद्द झाला. वसुलीसाठी वाहनं अडवायची म्हणून रुंद केलेली ही ठिकाणं नेमकी गावाच्या वेशीवर, बाहेरगावच्या गाड्या शिरतात तिथंच. मध्यवर्ती बसस्थानक आणि मंदिर परिसरात मात्र वितीवितीवर दावा सांगणारे आहेत. तिथं लंडनच्याच मापाची, एका गाडीएवढी खोली परवडेल.

माप ठरवणं सोपं. खरी गोम अशी, की आत बसून बाहेरची रांग दिसायला हवी. नंबर जाईल या भीतीनं कुणी आत पाऊलच टाकणार नाही. दुसरी गोष्ट देखभालीची. लंडनमध्ये खोली सांभाळणारा तिथंच चहा-जेवण विकून आपलं पोट भरायचा, त्यामुळं खोली उघडी राहायची. इथं शौचालय, पाणी आणि चहाची टपरी एकाच माणसाच्या हाती द्यायची की नाही, आणि त्याचा परवाना महापालिकेनं कोणत्या नियमात बसवायचा, हे नकाशाला हात घालण्याआधी ठरवावं लागेल.