बेघरांसाठीचे अनुदान रोख वाटले जाते का?

‘महापालिकेला बेघरांसाठी सरकारी अनुदान मिळाले की ते त्यांना रोख वाटले जाते’, असा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. मंजूर रकमेचा आकडा मोठा दिसतो, त्यामुळे असा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान या शहरी गरिबांसाठीच्या केंद्रीय योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत हे अनुदान निवारागृहांसाठी ठरवलेले होते: शहराने बेघरांची पाहणी करून राज्याकडे प्रस्ताव पाठवायचा आणि मंजुरीनंतर हप्त्यांनी येणारी रक्कम, जिच्यात महाराष्ट्रासारख्या राज्यात केंद्राचा वाटा सुरुवातीला ७५ टक्के व पुढे ६० टक्के असे, बांधकाम, दुरुस्ती व देखभालीवर खर्च करायची. दर एक लाख लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय त्यात अपेक्षित होती. खरा प्रश्न ही सोय झाली का, हा आहे. पडताळणीसाठी महापालिकेच्या अंदाजपत्रकातील निवारागृहांचा खर्च पाहावा, किंवा माहिती अधिकाराखाली १० रुपये शुल्क भरून उपयोगिता प्रमाणपत्राची, म्हणजे अनुदान कशावर खर्च झाले याच्या दाखल्याची, प्रत मागावी.