तीव्र आजार आणि त्यांवरील तातडीचे उपचार

तीव्र आजार : अचानक किंवा थोडक्या अवधीत उद्भवणारा, झपाट्याने बदलणारा आणि बहुधा काही दिवसांत वा आठवड्यांत निकाली निघणारा आजार. रुग्ण बरा होतो, दगावतो किंवा आजार रेंगाळून दीर्घकालीन रूप घेतो. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, अपेंडिक्सचा दाह, न्यूमोनिया, जुलाब, विषबाधा, अस्थिभंग ही त्याची नेहमीची उदाहरणे. साधी सर्दीही याच वर्गात मोडते, कारण इथे निकष वेगाचा आहे, गांभीर्याचा नाही. उलट अनेक कर्करोग प्राणघातक असूनही या वर्गात बसत नाहीत. सीमारेषाही सगळीकडे सारखी नाही. यकृताचा विषाणुजन्य दाह ६ महिन्यांपुढे टिकला तर तो दीर्घकालीन ठरतो. वेदनांच्या बाबतीत साधारणतः ३ महिन्यांची मुदत धरतात.

प्रत्यक्षात ही वाटणी इतकी स्वच्छ नसते. तातडीने दाखल होणाऱ्या अनेक रुग्णांचे दुखणे मुळात जुनेच असते आणि त्याने नुकतीच उचल खाल्लेली असते : दम्याचा झटका, दुर्बल हृदयामुळे फुप्फुसांत साचलेले पाणी, इन्शुलिन चुकल्याने मधुमेहीच्या रक्तात वाढलेली आम्लता. अशा वेळी जुना आजार नव्या उपचारांनाही मर्यादा घालतो. एरवी प्राणवायू देताना रक्तातील त्याची संपृक्तता, म्हणजे प्राणवायूने भरलेल्या हिमोग्लोबिनचा टक्का, ९४ ते ९८ राखतात. पण फुप्फुसांच्या जुनाट अडथळ्याच्या काही रुग्णांत जादा प्राणवायूने कार्बन डायऑक्साइड साचतो, म्हणून तिथे ८८ ते ९२ टक्क्यांवर समाधान मानावे लागते.

एरवी वैद्यकात आधी विचारपूस, मग तपासणी, चाचण्या, निदान आणि शेवटी उपचार असा क्रम असतो. इथे तो उलटतो. श्वासमार्ग मोकळा आहे का, श्वास पुरेसा आहे का, रक्ताभिसरण टिकून आहे का, शुद्ध किती आहे, हे याच क्रमाने पाहतात. मग अंगावरचे कपडे बाजूला करून जखम, पुरळ किंवा सूज शोधतात. जिथे बिघाड सापडेल तिथे तो सावरूनच पुढे जायचे. या क्रमाला कारण आहे : बंद श्वासमार्ग मिनिटांत जीव घेतो, बहुतेक रक्तस्राव त्याहून जास्त वेळ देतात. धो-धो वाहणारी जखम मात्र अपवाद. ती सर्वांत आधी दाबून धरतात. निदान झाले नाही म्हणून हात थांबत नाहीत. एक चाचणी मात्र कुणाच्याही बाबतीत सुटू नये. शुद्ध हरपलेल्या प्रत्येकाच्या बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहावी, कारण उतरलेली साखर पक्षाघाताचे हुबेहूब सोंग घेते आणि ग्लुकोज शिरेतून गेले की काही मिनिटांत माणूस बोलू लागतो.

वेळेचे गणित आजारागणिक वेगळे असते. रक्ताच्या गुठळीने मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबून पक्षाघात झाला तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत देतात. त्याआधी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते, कारण रक्तस्रावात तेच औषध घातक ठरते. रक्तवाहिनीत कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून गुठळी बाहेर ओढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही चालतो. म्हणून नातेवाइकांना पहिला प्रश्न असतो : माणूस ठीक असल्याचे शेवटचे कधी पाहिले? झोपेतून उठताना तोंड वाकडे दिसले, तर वेळ उठल्यापासून नव्हे, रात्री झोपल्यापासून मोजतात. या एका उत्तरावर उपचाराचा मार्ग ठरतो आणि नेमके तेच अनेकदा कुणाला सांगता येत नाही.

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख, तो आल्यापासून १० मिनिटांत व्हायला हवा. पहिला ईसीजी निर्दोष आला म्हणून झटका नाही असे होत नाही. हृदयस्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही वाढायला काही तास घेते, म्हणून या चाचण्या पुन्हा करतात. वृद्ध, स्त्रिया आणि मधुमेही यांच्यात छातीत कळ न येता नुसती धाप, मळमळ किंवा दरदरून घाम एवढेच दिसू शकते. हृदय पूर्ण थांबले तर मदत येईपर्यंत आसपासच्या माणसाने छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. तीव्र अॅलर्जीत घसा सुजून रक्तदाब कोसळू लागला, तर मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अॅड्रेनलिनचे इंजेक्शन हाच पहिला उपाय. खाज कमी करणाऱ्या गोळीवर विसंबून घालवलेला वेळ महागात पडतो.

सगळे तीव्र आजार असे दणक्यात येत नाहीत. काही हळूहळू घसरतात आणि ती घसरण खाटेजवळ दिसण्याजोगी असते. जंतुसंसर्गाला शरीराचा प्रतिसाद बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागतात, त्या सेप्सिसमध्ये रक्तदाब उतरण्याच्या आधी श्वासाची गती वाढलेली असू शकते. मोजायला यंत्र लागत नाही. छातीकडे मिनिटभर पाहावे लागते. तरीही कामाच्या धबडग्यात सर्वाधिक हेळसांड याच नोंदीची होते. एखाद्या वॉर्डातल्या तक्त्यांवर रुग्णामागून रुग्णाच्या नावापुढे १८ किंवा २० असाच आकडा दिसला, तर तो मोजलेला नसून अंदाजाने टाकलेला आहे असे खुशाल समजावे. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये आणलेल्या पूर्वसूचना गुणपद्धतीत श्वासगती, प्राणवायू, नाडी, रक्तदाब, तापमान आणि शुद्ध यांना गुण देतात. बेरीज ७ किंवा जास्त झाली की तातडीने तज्ज्ञांना बोलावतात. लहान मुलांत मात्र रक्तदाब फसवतो. मूल तो बराच वेळ टिकवून धरते आणि मग एकदम ढासळते. त्याआधी हातपाय गार पडणे, मलूल होणे हीच खूण असते. अतिवृद्धांत ताप न येता केवळ गोंधळल्यासारखे वागणे हेही न्यूमोनियाचे पहिले लक्षण असू शकते.

अतिदक्षता विभागाचा उगम एका साथीत आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओचे रुग्ण लोटले. श्वसनाचे स्नायू लुळे पडलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचे एकूण प्रमाण जास्त आढळे आणि त्याचा अर्थ रक्त अल्कधर्मी झाले असा लावला जात होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी निदान फिरवले : श्वास अपुरा पडल्याने वायू साचतो आहे. उपाय म्हणजे श्वासनलिकेला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी दाबून फुप्फुसांत हवा भरायची. पुरेशी यंत्रे नव्हतीच. सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने उशाशी बसून, रुग्णाच्या नजरेला नजर देत, रात्रंदिवस हाताने पिशवी दाबत राहिले. मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून खाली आले. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी त्याच शहरातील दुसऱ्या रुग्णालयात अशा रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग उभारला. त्या साथीत रोगावर औषध सापडले नव्हते. शरीर स्वतः सावरेपर्यंत श्वास चालू ठेवला गेला, एवढेच. आजही अतिदक्षता विभागातील मोठे काम याच धर्तीचे आहे.

तीव्र टप्पा ओसरला म्हणजे आजारपण संपले असे नाही. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे स्नायू काही दिवसांतच झडू लागतात आणि वृद्धांत ते पूर्ववत व्हायला महिने लागतात. इस्पितळात अनेकांना भ्रम होतो : दिवस-रात्र उमगत नाही, माणसे ओळखू येत नाहीत. चष्मा आणि श्रवणयंत्र हाताशी देणे, रात्री दिवे मंद ठेवणे, ओळखीचा आवाज कानावर पडू देणे आणि झेपेल तितक्या लवकर खाली पाय सोडून बसवणे यांनी हे प्रमाण कमी होते. अतिदक्षता विभागातून घरी गेलेल्यांत थकवा, विसरभोळेपणा, दुःस्वप्ने आणि खिन्नता पुढे वर्षभरही आढळते. घरी सोडताना नव्या औषधांची यादी जुन्या यादीशी ताडून पाहणे, कोणती गोळी कायमची बंद झाली हे लिहून देणे आणि कोणत्या लक्षणावर लगेच परत यायचे ते सांगणे हाही उपचाराचाच भाग मानला जातो.