प्रगत मूत्रपिंड व प्रोस्टेट कर्करोगांवरील रुग्णचाचण्या

मूत्रपिंडाचा किंवा प्रोस्टेट ग्रंथीचा कर्करोग मूळ जागा सोडून हाडे, फुप्फुसे, यकृत किंवा दूरच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोचला, की तो प्रगत अवस्थेत गेला असे म्हणतात. या टप्प्यावर रोग समूळ काढून टाकणे बहुधा शक्य नसते. आयुष्य वाढवणे, वेदना आवरणे आणि हाडे मोडू न देणे यांसाठी उपचार केले जातात. कोणता उपचार हे खरोखर साधतो, हे रुग्णचाचणीतून, म्हणजेच क्लिनिकल ट्रायलमधून ठरते. संमती दिलेल्या रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी होते. एका गटाला नवा उपचार आणि दुसऱ्याला प्रचलित उपचार देऊन दोन्ही गटांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली जाते. या नोंदीतील महिन्यांचे आकडे मध्यक आहेत: त्या महिन्यापर्यंत गटातले निम्मे रुग्ण हयात होते (रोग रोखल्याचा काळ दिला असेल, तिथे निम्म्यांचा रोग वाढला नव्हता). एखाद्या रुग्णाला मिळालेली मुदत म्हणून ते वाचू नयेत.

प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकांवर पोसला जातो. शिकागो विद्यापीठातील मूत्ररोगतज्ज्ञ चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये हे रुग्णांमध्ये दाखवून दिले. वृषणे काढली किंवा स्त्रीसंप्रेरक दिले, की रक्तातील ॲसिड फॉस्फटेज (प्रोस्टेटच्या पेशींतून येणारे विकर) उतरे आणि हाडांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना आराम पडे. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९८० च्या दशकात वृषणे न काढता तोच परिणाम साधणारी इंजेक्शने आली. तरीही वृषणे काढण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे आजही केली जाते, कारण ती एकदाच करावी लागते आणि स्वस्त पडते. संप्रेरक तोडण्याचा परिणाम मात्र कायम टिकत नाही. काही काळाने पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारे, रोगाचा अंदाज देणारे प्रथिन) पुन्हा चढू लागते आणि रोग संप्रेरक तोडण्याला दाद देईनासा होतो.

अशा दाद न देणाऱ्या रोगात आयुष्य वाढवणारे पहिले केमोऔषध डोसेटॅक्सेल ठरले. २००४ च्या टॅक्स ३२७ चाचणीत दर तीन आठवड्यांनी ते घेणारे रुग्ण १८.९ महिने जगले, तर मायटोझॅन्ट्रोन हे तेव्हाचे प्रचलित केमोऔषध घेणारे १६.५ महिने. फरक जेमतेम अडीच महिन्यांचा होता. पुढे चार्टेड या अमेरिकी चाचणीने हेच औषध फार आधी, संप्रेरक उपचार (म्हणजे संप्रेरक तोडणे) सुरू होतानाच, सहा वेळा देऊन पाहिले. ७९० रुग्णांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये छापून आले: नुसत्या संप्रेरक उपचाराने ४४ महिने, डोसेटॅक्सेल जोडल्यावर ५७.६ महिने. औषध तेच होते, फक्त वेळ बदलली, आणि अडीच महिन्यांचे तेरा महिने झाले. या क्षेत्रातला सर्वांत मोलाचा धडा कोणता, असे विचारले तर प्रस्तुत लेखक हाच सांगेल. त्याला एक मर्यादा आहे. लाभ मुख्यतः ज्यांचा रोग मोठ्या प्रमाणात पसरला होता त्यांना झाला. थोड्याच जागी पसरलेल्यांत तो दिसला नाही.

ब्रिटनमध्ये २००५ साली सुरू झालेल्या स्टॅम्पीड चाचणीने चाचणी घेण्याची पद्धतच पालटली. एकेका औषधासाठी वेगळी चाचणी उभारायची तर दशक जाते. इथे एकच तुलनागट ठेवून त्याच्या शेजारी अनेक उपचारगट एकदम चालवले गेले. ज्याचा उपयोग दिसेना तो गट मध्येच बंद केला, नवी कल्पना आली की नवा गट जोडला. २०२३ पर्यंत जवळपास १२ हजार पुरुष तिच्यात सामील झाले. सूज-वेदनेवरचे सेलेकॉक्सिब, हाडांसाठीचे झोलेड्रोनिक आम्ल आणि मधुमेहावरचे मेटफॉर्मिन यांनी एकंदर आयुष्य वाढवले नाही, हेही याच चाचणीतून कळले. असे नकारार्थी निकाल वर्तमानपत्रांत येत नाहीत. पण पुढच्या कित्येक रुग्णांचा निरुपयोगी औषधांचा खर्च आणि त्रास तेच वाचवतात. होकारार्थी बाजूला, शरीरात पुरुषी संप्रेरक बनणे रोखणाऱ्या अबिरॅटेरोनच्या गोळ्या जोडल्यावर तीन वर्षांनी हयात असणाऱ्यांचे प्रमाण ७६ वरून ८३ टक्क्यांवर गेले (२०१७). मोजक्याच ठिकाणी पसरलेल्या रोगात खुद्द प्रोस्टेटला किरणोपचार दिल्यास तेच प्रमाण ७३ वरून ८१ टक्के झाले (२०१८).

अबिरॅटेरोनचा जन्म लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कॅन्सर रिसर्चमध्ये झाला. ते घेण्याची रीत जवळून पाहण्याजोगी आहे. २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या, त्याआधी दोन तास व नंतर एक तास काही खायचे नाही, शिवाय सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. उपाशीपोटीच का? कारण अन्नासोबत हे औषध रक्तात कितीतरी जास्त उतरते: हलक्या, कमी तेलातुपाच्या जेवणासोबत सुमारे पाचपट, तेलकट जेवणासोबत दहापट. मग कमी गोळ्या न्याहारीसोबतच का देऊ नयेत? हगिन्स यांच्याच शिकागो विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ७२ रुग्णांवरील चाचणीचा निकाल आला. कमी चरबीच्या न्याहारीसोबत एक गोळी घेणाऱ्यांत पीएसए चार गोळ्या घेणाऱ्यांइतकेच उतरले. चाचणी छोटी होती आणि तिने मोजले पीएसए, आयुष्य नव्हे. एवढे ध्यानात ठेवावे. पण महिन्याला १२० गोळ्यांऐवजी ३० पुरल्या, तर घरखर्चातून औषध घेणाऱ्या कुटुंबाचा उपचार अर्ध्यावर थांबत नाही. अशा प्रश्नात कंपन्यांना नफा नसतो, म्हणून तो विद्यापीठांनी आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या रुग्णालयांनीच हाती घ्यायला हवा. मात्रा कमी करण्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचाच. रुग्णाने तो परस्पर घेऊ नये.

मूत्रपिंडाचा कर्करोग वेगळ्या वाटेने वाढतो आणि नेहमीच्या केमोथेरपीला फारशी दाद देत नाही. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत आढळणाऱ्या क्लिअर सेल प्रकारात व्हीएचएल हे जनुक बहुधा बिघडलेले असते. १९९३ मध्ये हे जनुक सापडले. ते बंद पडले, की प्राणवायू पुरेसा असूनही पेशी तो कमी पडल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. पेशीला प्राणवायूची जाणीव कशी होते याच्या उलगड्यासाठी केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. त्याआधीच रक्तवाहिन्यांची वाढ रोखणाऱ्या गोळ्या वापरात आल्या होत्या: २००५ अखेरीस सोराफेनिब, २००६ च्या सुरुवातीला सुनिटिनिब. इंटरफेरॉन या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या जुन्या औषधावर रोग पाच महिने रोखला जाई, तर सुनिटिनिबवर अकरा महिने. सुनिटिनिबच्या गोळ्या चार आठवडे घेऊन दोन आठवडे थांबायचे. त्या काळात तळहात-तळपाय सोलवटतात, त्वचा पिवळसर दिसू लागते, रक्तदाब चढतो.

प्रगत रोगात आजारी मूत्रपिंड आधी काढावेच, असा दंडक बराच काळ होता. इंटरफेरॉनच्या काळातील चाचणीत त्याने आयुष्य वाढल्याचे दिसले होते (८.१ वरून ११.१ महिने). गोळ्या आल्यावर फ्रान्समधील कार्मेना चाचणीने तोच प्रश्न नव्याने विचारला. २०१८ च्या निकालात शस्त्रक्रिया करून सुनिटिनिब घेणारे १३.९ महिने जगले आणि नुसते सुनिटिनिब घेणारे १८.४ महिने. रुग्ण ठरवलेल्या संख्येपेक्षा कमी मिळाले आणि त्यांतले बरेच आधीपासूनच गंभीर होते, म्हणून वाद संपलेला नाही. सरसकट सगळ्यांचे मूत्रपिंड काढण्याची प्रथा मात्र थांबली.

त्याच वर्षी चेकमेट २१४ चाचणीत निवोलुमॅब व इपिलिमुमॅब या प्रतिकारशक्तीला मोकळीक देणाऱ्या औषधांच्या जोडीने सुनिटिनिबला मागे टाकले. मध्यम व अधिक जोखमीच्या रुग्णांपैकी ७५ टक्के दीड वर्षानंतर हयात होते. सुनिटिनिबच्या गटात ६० टक्के. नऊ टक्के रुग्णांच्या स्कॅनमध्ये रोगाचा मागमूस उरला नाही. पण सुटलेली प्रतिकारशक्ती आतडी, थायरॉइड, फुप्फुसे यांवरही उलटू शकते, म्हणून साधा जुलाबही अंगावर काढून चालत नाही.

किमतीच्या प्रश्नाचे मुंबईशी थेट नाते आहे. मूत्रपिंड व यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिबसाठी महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपये लागत. ९ मार्च २०१२ रोजी मुंबईच्या पेटंट कार्यालयातून देशातील पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीशिवाय औषध बनवण्याची मुभा) हैदराबादच्या नॅटको कंपनीला मिळाला आणि तेच औषध ८,८०० रुपयांत विकण्याची अट पडली. पेटंटधारक बायर कंपनीने दिलेले आव्हान मुंबई उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये फेटाळले. प्रतिकारशक्तीच्या औषधांबाबत टाटा मेमोरियल रुग्णालयाने मात्रेचा मार्ग धरला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केमोच्या गोळ्यांना अवघ्या २० मिलिग्रॅम निवोलुमॅबची जोड दिली. ही नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. वर्षभरानंतर हयात असणारे १६.३ वरून ४३.४ टक्क्यांवर गेले. ही चाचणी डोके व मानेच्या कर्करोगावरची आहे. तिचा आकडा मूत्रपिंडाच्या रुग्णाला लावता येत नाही.

प्रोस्टेटच्या पेशींवरील पीएसएमए हे प्रथिन हेरून किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ थेट गाठीपर्यंत नेण्याचा उपचार व्हिजन चाचणीत (२०२१) उपयुक्त ठरला, आयुष्य ११.३ वरून १५.३ महिने झाले. आपल्याकडे ल्युटेशियम-१७७ भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते. साधारण साडेसहा दिवसांत त्याचा किरणोत्सार निम्म्यावर येतो, म्हणून ते साठवून ठेवता येत नाही. रुग्णाची तारीख आधी ठरते आणि त्या हिशेबाने औषध भरले जाते.