मुक्त शैक्षणिक साधने

मुक्त शैक्षणिक साधने म्हणजे कोणालाही विनामूल्य वापरता येणारी, आणि निर्मात्याकडे दर वेळी परवानगी न मागता जवळ ठेवता, बदलता व पुढे वाटता येणारी अध्ययन-अध्यापनाची सामग्री. चित्रकथा, पाठ्यपुस्तके, व्याख्यानांचे व्हिडिओ, प्रश्नसंच, प्रयोगांची सिम्युलेशन्स (पडद्यावर करून पाहता येणारी नक्कल), ध्वनिपुस्तके आणि संपूर्ण अभ्यासक्रम हे सारे तिच्यात मोडते. ही संज्ञा २००२ साली युनेस्कोने पॅरिसमध्ये भरवलेल्या बैठकीत पुढे आली. नोव्हेंबर २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने या साधनांविषयीची शिफारस संमत केली. तिच्यानुसार साधन एकतर सार्वजनिक अधिकारक्षेत्रातले, म्हणजे कोणाचाही प्रताधिकार नसलेले, असावे लागते, किंवा त्याच्यावर खुला परवाना असावा लागतो.

फुकट आणि मुक्त

पैसे पडत नाहीत एवढ्यावरून साधन मुक्त ठरत नाही. एखादा धडा आज विनामूल्य दिसतो. उद्या त्याच्यावर शुल्क लागते किंवा संकेतस्थळच बंद पडते. तो उतरवून ठेवण्याचा आणि वाटण्याचा हक्क कोणालाच नसेल, तर त्याच्यावर बेतलेली शिकवणी तिथेच थांबते. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड वायली यांनी यासाठी पाच हक्कांची कसोटी मांडली : जवळ ठेवणे, पुन्हा वापरणे, सुधारणे, इतर साहित्यात मिसळणे आणि पुढे वाटणे. पाचही हक्क असतील तरच साधन पूर्णपणे मुक्त. यूट्यूबवरील बहुसंख्य शैक्षणिक व्हिडिओ या कसोटीला उतरत नाहीत, कारण तिथला प्रमाण परवाना पाहण्यापुरताच आहे. निर्मात्याने व्हिडिओवर क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेचा खुला परवाना निवडला असेल तर वर्णनाच्या खाली तशी नोंद दिसते. ती आधी शोधावी.

वाटचाल

१९७१ साली इलिनॉय विद्यापीठातील संगणकावर मायकेल हार्ट यांनी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा टंकित करून ठेवला. प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहाचा आरंभ तिथून धरतात. १९९९ मध्ये राइस विद्यापीठात कनेक्शन्स हा खुल्या धड्यांचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यातूनच २०१२ मध्ये ओपनस्टॅक्सची महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके निघाली. मोठे वळण आले ते एप्रिल २००१ मध्ये. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाने आपल्या जवळजवळ सर्व अभ्यासक्रमांचे साहित्य जगासाठी खुले करण्याची घोषणा केली, आणि पुढच्या वर्षी पहिले ५० अभ्यासक्रम प्रसिद्धही झाले. विकिपीडिया २००१ चा, पदार्थविज्ञानाच्या सिम्युलेशन्सपासून सुरू झालेला फेट प्रकल्प २००२ चा, लिब्रिव्हॉक्सची ध्वनिपुस्तके २००५ ची, खान अकॅडमी २००८ ची.

२०११ मध्ये स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या ऑनलाइन वर्गात सुमारे १,६०,००० जणांनी नाव नोंदवले. पुढच्याच वर्षी कोर्सेरा आणि एडएक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे मंच उभे राहिले. अशा अभ्यासक्रमांना ‘मुक्त’ म्हणतात ते प्रवेश खुला असतो म्हणून. साहित्य बहुधा मुक्त परवान्याखाली नसते. प्रमाणपत्रासाठी आणि अनेकदा तपासल्या जाणाऱ्या चाचण्यांसाठी पैसे मोजावे लागतात. त्यामुळे शिकण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : व्हिडिओ किती काळ उघडे राहतात, गृहपाठ पाहता येतो का, आणि सोडवलेले तपासून मिळते का.

परवाने

या विषयाचा कणा परवाना आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सने डिसेंबर २००२ मध्ये पहिले परवाने जाहीर केले, सध्याची ४.० आवृत्ती २०१३ ची. परवान्यांचे घटक चार. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्यावे. ‘एसए’ म्हणजे बदललेली कृती त्याच परवान्याखाली द्यावी. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको, आणि ‘एनडी’ म्हणजे बदललेली कृती वाटू नये. यांच्या जोडणीतून सहा परवाने होतात. ‘सीसी झिरो’ हा वेगळा : त्यात निर्माता शक्य तेवढे सर्व हक्क सोडून देतो.

‘एनडी’ असलेल्या साहित्यात अनेक जण फसतात. भाषांतर हा कायद्याने बदलच असतो. म्हणून ‘एनडी’ पुस्तकाचे भाषांतर स्वतःपुरते करता येते, पण वाटता येत नाही. ज्या भाषांत मूळ साहित्य थोडे आहे त्यांच्यासाठी असे पुस्तक जवळजवळ निरुपयोगी. निर्मात्याने मजकुराची मोडतोड होईल या भीतीने ‘एनडी’ निवडू नये. बदल केल्याचे सांगण्याची अट ‘बीवाय’मध्येही आहेच.

दुसरी अडचण मिसळण्याची. विकिपीडियाचा मजकूर ‘बीवाय-एसए’खाली, तर खान अकॅडमी आणि एमआयटीचे खुले साहित्य ‘बीवाय-एनसी-एसए’खाली आहे. दोन्ही परवाने नव्या कृतीला आपलाच परवाना लावायला सांगतात आणि दोन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. त्यामुळे या दोन उगमांतील मजकूर एका धड्यात विणता येत नाही. संग्रह म्हणून शेजारी-शेजारी, आपापल्या परवान्यासह ठेवता येतात. ‘बीवाय’ साहित्य मात्र ‘एनडी’ सोडून कोणाशीही मिसळते. ओपनस्टॅक्सची अनेक पुस्तके आणि स्टोरीवीव्हरवरील बालकथा अशा परवान्याखाली असल्याने त्यांची भाषांतरे व स्थानिक आवृत्त्या काढणे सोपे जाते.

श्रेय देताना चार गोष्टी लिहाव्यात : कृतीचे नाव, निर्माता, मूळ ठिकाणाचा दुवा, परवान्याचे नाव व दुवा. बदल केला असेल तर कोणता तेही. ‘इंटरनेटवरून साभार’ हे श्रेय नव्हे. खुल्या पुस्तकातील एखादे छायाचित्र दुसऱ्या कोणाकडून परवानगीने घेतलेले असू शकते. पुस्तकाचा परवाना त्याला लागू होत नाही. चित्राखालची ओळ वाचल्याशिवाय ते उचलू नये.

साधन निवडताना

लहान मुलांसाठी ऐकू येणारी चित्रकथा आणि स्क्रॅचसारखे (चित्रांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करण्याचे) करून पाहण्याचे साधन व्हिडिओंच्या रांगेपेक्षा चांगले. शाळकरी वयात सराव आणि लगेच मिळणारा प्रतिसाद महत्त्वाचा असतो. गणितात जिओजिब्रा, विज्ञानात फेट यांचा उपयोग होतो, पण मुलाने आधी अंदाज लिहून मग सिम्युलेशन चालवले तरच. नुसते बटणे दाबत राहिले तर खेळ होतो, संकल्पना सुटते. अनेक मंच १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडू देत नाहीत. तिथे पालकाच्या किंवा शिक्षकाच्या खात्याची सोय आहे का ते पाहावे. प्रौढांना पूर्ण अभ्यासक्रमापेक्षा नेमका घटक हवा असतो. एमआयटीच्या पानावर अभ्यासक्रमाची रूपरेषा, गृहपाठ आणि अनेकदा उत्तरांसह परीक्षा मिळतात. त्यातली परीक्षा आधी उघडून पाहावी. कोणत्या व्याख्यानापासून सुरुवात करायची ते कळते.

अभ्यासक्रमात नाव नोंदवणाऱ्यांपैकी थोडेच तो पुरा करतात. कारणे ठराविक असतात : पूर्वज्ञान न तपासता घेतलेला प्रवेश, वेळापत्रकाचा अभाव, आणि पाहण्यालाच शिकणे समजणे. एडएक्सवरील ६९ लाख व्हिडिओ-सत्रांच्या २०१४ मधील अभ्यासात दिसले, की व्हिडिओ कितीही लांब असो, मध्यम लक्षकाळ सहा मिनिटांच्या वर जात नाही. म्हणून दर पाच-सहा मिनिटांनी थांबून, व्हिडिओ झाकून, आठवेल ते लिहावे. जे आठवत नाही तेवढाच भाग पुन्हा पाहावा.

जोडणी नसताना

डेटाचा हिशेब सोपा आहे. १ एमबीपीएस गतीने चालणारा व्हिडिओ तासाला सुमारे ४५० एमबी घेतो. ६४ केबीपीएस ध्वनिफीत तासाला सुमारे २९ एमबी. व्याख्यानात फळा महत्त्वाचा नसेल तर ध्वनी आणि टिपणे पुरतात. संपूर्ण विकिपीडिया किविक्स या सॉफ्टवेअरने इंटरनेटशिवाय वाचता येतो. चित्रांसह इंग्रजी विकिपीडियाची फाइल १०० जीबीच्या आसपास असते. कार्ड किंवा पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेले असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही, आणि ‘जागा नाही’ असा फसवा संदेशही येऊ शकतो. एक्सएफएटी पद्धत वापरावी. फॉरमॅट करताना आधीचे सारे पुसले जाते, हे विसरू नये.

वर्गासाठी कोलिब्री हे सॉफ्टवेअर एका संगणकावर बसवतात, निवडक विषयांचे संच पेनड्राइव्हने त्यात भरतात आणि त्याच वाय-फायवरील फोन किंवा टॅबलेट ब्राउझरमधून ते उघडतात. एकाच वेळी अनेकांनी व्हिडिओ लावले की साधारण राउटर दमतो. गटागटाने पाहणे किंवा व्हिडिओ कमी रिझोल्यूशनचे ठेवणे हा उपाय.

टिकाऊपणा आणि सुगम्यता

साधने मरतात. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबी फ्लॅशचा आधार संपला आणि त्याच्यावर चालणारी असंख्य शैक्षणिक ॲनिमेशन्स ब्राउझरमध्ये बंद पडली. फेटसारख्या प्रकल्पांनी आपली सिम्युलेशन्स ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या एचटीएमएल५ मध्ये पुन्हा लिहिली; ज्यांच्यामागे माणसे नव्हती ती लोप पावली. मेलेला दुवा इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, टाकून पाहावा, पाने अनेकदा सापडतात, व्हिडिओ क्वचितच. स्वतः साधन तयार करणाऱ्याने पीडीएफसोबत संपादन करता येईल अशी मूळ फाइलही द्यावी. तिच्याशिवाय बदलण्याचा हक्क कागदावरच राहतो.

स्कॅन केलेली पाने म्हणजे नुसती चित्रे. अंध वाचकाचा स्क्रीन रीडर ती वाचू शकत नाही. देवनागरी साहित्यात आणखी एक खोट आढळते : जुन्या, युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची सामाईक संगणकीय अक्षरसंकेत-पद्धत) न पाळणाऱ्या फाँटमधला मजकूर कॉपी केला की अर्थहीन रोमन अक्षरे उमटतात आणि शोधही चालत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, मग जोडाक्षरे आणि रफार नजरेखालून घालावेत, कारण रूपांतरात तेच बहुधा बिघडतात. व्हिडिओला मथळे (कॅप्शन्स, म्हणजे बोललेले शब्द पडद्यावर दाखवणाऱ्या ओळी) जोडावेत. आपोआप तयार झालेल्या मथळ्यांतील पारिभाषिक शब्द आणि आकडे हाताने दुरुस्त करावेत. अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील उजळपणाचे गुणोत्तर साध्या मजकुरासाठी किमान ४.५ : १ असावे, असे वेब सुगम्यतेचे प्रचलित मानक सांगते, पांढऱ्यावर फिकट करड्या रंगाची लिखावट त्यात नापास होते.